सोपानला खुर्ची दिली त्या दिवशी

हसणार नसाल तर सांगतो. अशी फजिती दुश्मनाची बी होऊ नये!

निजामाचं राज्य होतं. आखाडा बाळापूरजवळच्या एका खेड्यात मी नवा नवा मास्तर. वय कोवळं, अंगानं काडी, ओठावर मिशीचा पत्ता न्हाई. त्यात नोकरी कच्ची! गुरुवारी हिंगोलीहून तपासणीचे साहेब येणार, त्यांनी मान हलवली तरच पक्की.

अन् वर्गात हा सोपान! गुरं राखून राखून उशिरा शाळेत आलेला, म्हणून चौथीत असून माझ्यापेक्षा दांडगा. मिसरूड फुटलेलं. डोकं असं, की माझा हिशेब सांगून व्हायच्या आत ह्याचं उत्तर पाटीवर तयार. पण तोंड उघडंल तर शपथ! दिवसभर खिडकीतून बाहेर बघत जांभया. साहेबांपुढं हा असाच बसला तर?

मंगळवारी मी विचारलं, "काहून रं, जीव रमत न्हाई का शाळेत?"

"गुर्जी, जे येतंय तेच किती डाव घोकावं?"

"मग आज तूच शिकव!"

"शिकवतो की. पण तुमचा कोट अन् टोपी द्या. त्याबिगर पोरं ऐकतील व्हय?"

दिली हो! काय म्हणावं माझ्या अकलेला? कोट त्यालाच जास्त शोभला. तो खुर्चीत, मी पोरांमधी मांडी घालून. अन् गडी असा रंगला! चिंचोके मांडून औटकी शिकवली, म्हणजे साडेतीनचा पाढा. कधी न बोलणारी पोरं हात वर करायला लागली. मी खूश!

तेवढ्यात दारात टांगा थांबला. साहेब! दोन दिवस आधीच!

मी उठणार, तोच ते सोपानला म्हणाले, "बैठो मास्तर, चालू द्या तुमचं."

खरं सांगावं, तर मास्तर जमिनीवर अन् पोरगं खुर्चीत, नोकरी गेलीच की! मी सोपानला डोळ्यानं खुणावलं, चालू ठेव बाबा.

साहेबांनी छडी नेमकी माझ्याकडं केली. "तू रे, मागचा. औट सत्ते?"

साडेचोवीस! येत होतं हो मला! पण नजर सगळी त्या छडीवर. तोंडातून निघालं, "एक... एकवीस!"

वर्ग फिदीफिदी हसला. सोपान मात्र गंभीर. "साहेब, पोरगं हुशार हाय. ध्यान तेवढं देत न्हाई."

"शाबास मास्तर!" साहेब खूश झाले. "अशी तालीम कुठं बघितली न्हाई. तुमची नोकरी पक्की समजा." जाता जाता माझ्याकडं बोट केलं, "ह्याला मात्र वर ढकलू नका. चौथीतच ठेवा."

नोकरी पक्की झाली, माझ्याच नावानं! सोपान पास होऊन पुढं शिकायला हिंगोलीला गेला.

अन् मी? साहेबांचा हुकूम कोण मोडणार? पेन्शनीत निघेपर्यंत चौथीतच होतो!