शेजारच्या बाईंची शिवी

सावली गावात आमच्या शेजारच्या बाईंचं तोंड भारी. दिवसभर गल्लीतल्या कुत्र्यावर ओरडतात, "मरत काऊन नाई बे तू?"

एकदा त्यानं धानाच्या पोत्यांमागं बाईंनीच पिठात कालवून ठेवलेलं उंदराचं औषध खाल्लं. गल्ली जमली. कोणी ताक आणलं, कोणी तेल.

"काई पाजू नोका त्याले!" बाई कडाडल्या. औषधाची रिकामी पुडी कमरेला खोचून, कुत्र्याला लुगड्यात गुंडाळून त्यांनी ऑटोनं जनावरांचा दवाखाना गाठला. पुडी पाहून डॉक्टरांनी लगेच नेमका उपचार केला.

काही दिवसांनी कुत्रा गल्लीत परतला आणि बाईंनी वाळत घातलेल्या धानातून चौखूर उधळला. आम्ही नेहमीच्या शिवीची वाट पाहिली.

"जग बे!" बाई गरजल्या. "शंभर वर्स जग!"