जाजमावरचं पान

ही गोष्ट मी आजवर टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही. वस्तीतली शिकलेली पोरं जुन्या आठवणी विचारायला आली, तेव्हा हिच्या आजूबाजूचं सगळं सांगितलं. हीच तेवढी गाळली. मनात खोटं असलं की झोप येत नाही म्हणतात. मला इतकी वर्षं चांगली झोप आली. त्याचीच आता लाज वाटते.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात उंचावर एक मोहल्ला होता आणि त्याच्या उतारावर आमची वस्ती. वरच्या मोहल्ल्यात वकील, कारकून, दुकानदार, राईस मिलवाले. खाली आम्ही. वरच्या लोकांची एक सुधार समिती होती. ती धर्मशाळेच्या मोठ्या खोलीत बसायची. नाल्या तुंबल्या, दिवे बंद पडले, चोरी झाली की तिथं बोलणी व्हायची. त्या भागाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, अध्यक्ष असत. त्यांची भाताची गिरणी होती. सगळे त्यांना सेठजी म्हणत. त्यांच्या शेजारी वकीलसाहेब बसत. ते मराठी होते, आमच्याच भाषेचे. वस्तीचाही एक माणूस समितीत असावा, असं नगरपालिकेतून कुणीतरी सुचवलं म्हणून मला घेतलं होतं. मी शिंपीकाम करायचो. थोडं लिहिता-वाचता येत होतं.

पहिल्या दिवशी मी जाजमाच्या कडेवर बसलो. अगदी कडेवर. अर्धा जाजमावर, अर्धा फरशीवर. वकीलसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"टेलर, तिकडं दाराशी वारा चांगला आहे."

सगळे हसले. दाराशी जोडे काढलेले होते. मी उठलो आणि जोड्यांच्या रांगेशेजारी जाऊन बसलो. आणि मीही हसलो. हे लिहिणं भाग आहे. मीही हसलो.

त्या सभेची एक रीत होती. मतं मोजत नसत, हात वर करत नसत. बोलणं संपलं की पानाची थाळी फिरायची. ज्याला ठराव मान्य, तो पान उचलायचा. ज्याला मान्य नाही, तो हात जोडून थाळी पुढं जाऊ द्यायचा. एकानं जरी पान नाकारलं तरी बोलणं पुन्हा सुरू व्हायचं. त्या दिवशी थाळी सगळ्या जाजमावरून फिरली आणि दारापर्यंत आलीच नाही. पान लावणाऱ्या नोकरानं सेठजींकडं पाहिलं. सेठजी म्हणाले, "उसको क्या पूछना है. बचा हो तो दे दो."

नोकरानं एक पान आणलं आणि माझ्यापुढं फरशीवर ठेवलं. जोड्यांजवळ. मी ते उचललं नाही. पण उठूनही गेलो नाही. पुढच्या सभेला पुन्हा गेलो, तिथंच बसलो.

तेव्हा आम्ही दीक्षा घेतल्याला पाच-सहा वर्षं झाली होती. मेलेली ढोरं ओढणं सोडलं होतं. घरातले देव काढून टाकले होते. आणि स्वतःची विहीर खणली होती. ही विहीर म्हणजे आमच्या वस्तीची सगळ्यात मोठी गोष्ट. आधी बाया वरच्या मोहल्ल्याच्या विहिरीवर जायच्या. जगतीवर, म्हणजे विहिरीभोवतीच्या ओट्यावर, चढायचं नाही. खाली घडे मांडून उभं राहायचं. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतणार. नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं.

विहीर खणायचं सगुणावहिनीच्या डोक्यातून निघालं. माझ्या चुलतभावाची बायको. नवरा रेल्वेच्या गँगवर, ही घरी बिड्या वळायची. एका संध्याकाळी ती वस्तीतल्या सगळ्या पुरुषांसमोर उभी राहिली.

"दगडाच्या पाया पडनं सोडलं ना तुमी? मंग त्यायच्या जगतीपाशी हात जोडनं काहून सोडत नाई?"

लाजेनं आम्ही कुदळी घेतल्या. दिवसाचं काम करून आल्यावर खणायचो. बाया मुरूम वाहायच्या. पाणी लागलं तेव्हा पहिली बादली वहिनीनं काढली. स्वतः प्याली. पोटभर. मग म्हणाली, "आता तुमी घ्या." आम्ही सगळे हसलो. ते हसणं वेगळं होतं.

वरच्या मोहल्ल्याच्या मागं मैल्याचे खड्डे होते. गावभरच्या संडासांतला मैला रेड्याच्या गाड्यांतून येऊन तिथं पडायचा. आधी ते रान होतं. मग घरं वाढत वाढत खड्ड्यांपर्यंत गेली. एक दिवस वरच्या मोहल्ल्यातलं एक लहान पोरगं खेळता खेळता खड्ड्यात पडलं. कमरेपर्यंत रुतलं. वेळेवर काढलं म्हणून वाचलं.

समिती पेटली. मुलांना धोका आहे, माश्या आहेत, वासानं जेवण जात नाही, रोगराई येईल. सगळं खरं होतं. त्यांच्या बोलण्यातला एकही शब्द खोटा नव्हता. खड्डे हलवायलाच हवे होते. कुठं हलवायचे, एवढाच प्रश्न होता. आमच्या वस्तीमागची उताराची जमीन मोकळी होती. आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला. पण नगरपालिकेकडून सांगणं आलं होतं की जवळच्या रहिवाशांचा विरोध नसेल तरच खड्डे हलतील. म्हणजे या वेळी त्यांना आमचा होकार लागणार होता. म्हणजे माझा.

सभेच्या दिवशी वहिनी माझ्या मशीनपाशी आली. मी कपडे बदलत होतो.

"भाऊजी, भाषन नाई देल्लं तरी चालते. येकच सांगजा. तिथं पिन्याची विहीर आहे म्हना. बस. मंग पाहू कसे टाकतेत."

"हौ, सांगतो ना."

"इसरान नाई?"

"विहीर कशी इसरन वहिनी?"

मी गेलो. सवयीनं जोड्यांजवळ बसणार, तोच सेठजी उठून उभे राहिले. खरोखर उठून.

"अरे मेंबरसाहब, वहाँ कहाँ बैठ रहे हैं? इधर आइये, हमारे पास."

मेंबरसाहब. जाजमावर लोक सरकले. वकीलसाहेबांनी मांडी आवरून जागा केली. म्हणाले, "या, या. मुलगा कितवीत आहे तुमचा?" तुमचा म्हणाले. मी जाजमाच्या मधोमध बसलो. खाली गादी होती. ती कापसाची होती हेही मला कळलं, कारण माझं कामच ते. माझ्या अंगात काहीतरी ढिलं झालं. जणू कुणी बरीच वर्षं पाठीत खुपसलेली सुई काढून घेतली.

बोलणं सुरू झालं. सेठजींनी खड्ड्याचं सांगितलं. पडलेल्या पोराच्या बापानं सांगितलं, सांगताना तो रडला. मलाही वाईट वाटलं. मग जागेचं निघालं. वकीलसाहेब म्हणाले, "खालची जमीन पडीकच आहे. आणि आपले मेंबर इथंच आहेत. त्यांना काही अडचण असती तर ते बोलले असते."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. तिथं पिण्याची विहीर आहे. एवढंच.

आणि थाळी आली. पहिल्यांदा माझ्यापुढं. नोकरानं नाही, सेठजींनी स्वतः धरली. लवंग टोचलेली हिरवीगार पानं.

"लीजिए मेंबरसाहब. पहले आप."

पान उचलण्याचा अर्थ मला माहीत नव्हता, असं माझ्या वतीनं कुणी म्हणू नये. माहीत होता. माझा हात गेला. मी पान उचललं आणि तोंडात घातलं. सगळ्यांसारखं, सगळ्यांच्या आधी. तोंड भरलं. भरल्या तोंडानं माणूस बोलत नाही. थाळी फिरली. सेठजी म्हणाले, "एकमत हुआ."

त्या दिवशी मला एक गोष्ट कळायला हवी होती, ती फार उशिरा कळली. दाराशी बसवलेला मी त्यांना अडचणीचा होतो. जाजमावर बसवलेला कामाचा झालो. त्यांनी माझा मान ठेवला नव्हता. माझी किंमत काढली होती. आणि ती एका पानाएवढीच निघाली.

उतारावर मी थांबलो. चूळ भरायला पाणी नव्हतं. रुमालानं ओठ घासघासून पुसले. वहिनी वस्तीच्या तोंडाशीच उभी होती, सोबत चार-पाच जण.

"काय झालं जी?"

"बोललो. कोनी आयकलं नाई. एकटा पडलो."

तिनं माझ्याकडं पाहिलं. ओठांकडं पाहिलं की डोळ्यांकडं, मला आजही सांगता येत नाही. मग म्हणाली, "एकट्याचं कोन आयकते? तुमी बोलले ना. तेच लय झालं."

खड्डे खणले गेले. गाड्या आमच्या दारावरून जाऊ लागल्या. पावसाळ्यात विहिरीला वास आला. लोक तरी प्यायले, कारण आपली विहीर होती. घराघरांत हगवण लागली. वहिनीची धाकटी पोरगी महिनाभर खाटेवर होती. वाचली, पण काठीसारखी झाली. शेवटी विहीर बंद केली. आणि आमच्या बाया घडे घेऊन पुन्हा वर गेल्या. जगतीखाली उभ्या राहिल्या. ज्या पोरींनी ते कधी पाहिलं नव्हतं, त्याही उभं राहायला शिकल्या.

वहिनी गेली नाही. ती वैनगंगेवर जायची. उन्हाळ्यात पात्र आटायचं, तापल्या वाळूतून लांब चालावं लागायचं. डोक्यावर घडा, काखेत घडा. माझ्या मशीनसमोरूनच वाट होती. मी मान खाली घालून टाके घालायचो.

मग समितीची आणखी एक सभा झाली. मला अजून जाजमावर जागा होती. या वेळी बोलणं होतं त्यांच्या विहिरीचं. वस्तीच्या बायांची गर्दी होते, जगतीखाली चिखल होतो, पाणी खराब होईल. वकीलसाहेब म्हणाले, "आरोग्याचा प्रश्न आहे. वस्तीनं दुपारी यावं, इथल्यांचं भरून झाल्यावर. आणि एक माणूस काठी घेऊन बसवावा." विहिरीच्या सुरक्षेसाठी.

ज्यांनी आमची विहीर नासवली, ते आमच्या घड्यांपासून त्यांची विहीर वाचवत होते. आणि थाळी पुन्हा माझ्यापुढं आली.

मी हात मागं घेतले.

"नाही घेत."

सेठजी हसले. "क्यों भई? पिछली बार तो बड़े चाव से खाया था."

सगळे हसले. तेच हसणं. या वेळी मी हसलो नाही.

"हौ, खाल्लं," मी म्हणालो. "तवा मी माह्या लोकायची विहीर खाल्ली. आज खात नाई. अन् उद्यापासून तुमची गाडी आमच्या रस्त्यानं जानार नाई."

वकीलसाहेबांचा आवाज बदलला. "टेलर, जागा दिली म्हणून डोक्यावर बसायचं नसतं."

"जागा तुमच्यापाशीच ठेवा."

मी उठलो. जोडे पायात घातले आणि बाहेर पडलो. लोक याला माझं शौर्य म्हणतात. पण नीट ऐका. खरं मी वरच्या खोलीत बोललो, वैऱ्यांसमोर. खाली येऊन आपल्या माणसांना फक्त एवढंच सांगितलं, "गाड्या अडवायच्या."

सकाळी अख्खी वस्ती रस्त्यावर बसली. पुढं वहिनी. पहिली गाडी आली. गाडीवान मेहतर, आमच्याहूनही खाली ढकललेला. त्यानं रेडा थांबवला, उतरला, बिडी पेटवली.

"बैठो बाई, आराम से बैठो. मैं भी बैठता हूँ. बदबू क्या मेरी नाक को माफ करती है?"

वहिनीनं त्याला स्वतः वळलेली आणखी एक बिडी दिली. पोलीस आले, धमक्या झाल्या, दोघांना ठाण्यावर नेऊन मारलं. आम्ही उठलो नाही. गावाची घाण तुंबली तेव्हा खड्डे वस्त्यांपासून लांब, माळावर गेले. जागा होतीच. आधीपासून होती. माझ्या एका वाक्यानं तेव्हाच सापडली असती.

विहिरीचं पाणी पुन्हा कधी चांगलं झालं नाही. पुढं ती बुजवली.

जिंकल्याच्या दिवशी वहिनीनं माझ्या गळ्यात झेंडूची माळ घातली. सगळ्यांना म्हणाली, "भाऊजीनं पयल्या सभेतबी एकट्यानं तोंड देल्लं होतं त्यायले." टाळ्या झाल्या. मी हात जोडले. पुढं विहार बांधला, त्यात माझा फोटो लावला. लढवय्या म्हणून.

म्हातारपणी वहिनी गोंदियाला लेकीकडं राहायला गेली. तीच लेक, हगवणीतून वाचलेली. मी भेटायला गेलो, सांगायचं म्हणूनच गेलो. वहिनीला दिसायचं कमी झालं होतं. मी सुरुवात केली.

"वहिनी, त्या खड्ड्याच्या सभेत..."

"आता कायले काढता ते?" ती म्हणाली. "तुमी एकलेच तर होते तिथं आमच्या बाजूनं. होते ना?"

मी म्हणालो, "हौ."

काही दिवसांनी ती गेली.

तो हौ मी आज मागं घेतो. हे लिखाण मी विहारात स्वतः वाचणार आहे, सगळ्यांसमोर, उभं राहून. फोटो माझ्या हातानं उतरवणार आहे. उद्या कुणी तुम्हाला मधोमध बसवलं, आधी तुमच्यापुढं थाळी धरली, तर आधी विचारा, आज यांना आपल्याकडून काय हवं आहे. आणि तोंड रिकामं ठेवा.

मला कुणी माफ करू नये. तो अधिकार वस्तीचा नाही. माफी एकाच बाईची होती, आणि तिच्या पायाशी बसूनही मी ती मागितली नाही.