पार्कातलं कुलूप आणि एकच मागणी

तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाने बाहेर पडण्याआधी पाणी प्यायचं कधीपासून सोडलं, हे तुम्हाला सांगता येईल?

मला सांगता आलं नसतं. माझे बाबा रोज सकाळी अर्धा कप चहा सिंकमध्ये ओतत होते आणि मी समजत होते की चहा थंड झाला असेल. मी स्वतःला जागरूक समजते. अन्याय दिसला की माझा आवाज चढतो, असं आई म्हणते. पण माझ्याच स्वयंपाकघरातला तो अर्धा कप मला दिसला नाही.

बाबांना मधुमेह आहे. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलेलं. आमच्या बिल्डिंगसमोर मोठं पार्क आहे, तळ्याभोवती पक्की वाट आहे, आणि वाटेच्या मध्यावर विटांची एक बैठी वॉशरूम आहे. महामारीच्या पहिल्या लॉकडाऊनमध्ये शहराने तिला कुलूप लावलं आणि दारावर पिवळा कागद चिकटवला. तात्पुरतं बंद. पुढे मास्क गेले, रेस्टॉरंटं उघडली, ऑफिसं भरली. पिवळा कागद उन्हाने पांढरा पडला, त्यावरची अक्षरं उडाली, पण कुलूप तिथेच राहिलं. शहराचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या शहराचं नाव तिथे घालून बघा, कदाचित बसेल.

एका फेब्रुवारीत मी घरी आले तेव्हा बाबा बेसमेंटमधल्या लाँड्रीतून वर येत होते. हातात एकच पँट. आयुष्यात त्यांनी कधी स्वतःहून कपडे धुतले नव्हते. आई सोफ्यावरून म्हणाली, "काय हो, आज सूर्य कुठून उगवला?" बाबांनी पँट पाठीमागे धरली. तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि टीव्ही बंद केला. त्यानंतर ती त्या विषयावर काही बोलली नाही, आणि आमच्या घरात आईचं न बोलणं ही मोठी घटना असते.

दुसऱ्या दिवसापासून बाबा चालायला गेले नाहीत. बाहेर घसरडं आहे म्हणाले. मग बर्फ वितळला, तरी गेले नाहीत. अकराव्या मजल्यावरच्या खिडकीत बसून तळ्याभोवती चालणारी माणसं बघत राहिले. उन्हाळ्यात त्यांची साखर इतकी वाढली की डॉक्टरने इन्सुलिनचा विषय काढला.

बाबा कोण होते ते सांगायला हवं. नागपुरात ते पाणीपुरवठा खात्यात कनिष्ठ अभियंता होते आणि संध्याकाळी वस्तीसाठी पत्रकं लिहायचे. नळाचं पत्रक, शाळेच्या शिष्यवृत्तीचं पत्रक, अभ्यासिकेसाठी जागा मागणारं पत्रक. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. छापून आलेल्या गठ्ठ्याभोवती आम्ही जमिनीवर बसायचो, कागदाच्या तीन घड्या घालायचो आणि स्टीलच्या वाटीच्या बुडाने घडी दाबायचो. नऊ वर्षांची असताना मी कॅनडात आले. सामानात ती वाटीही आली. इथे बाबा नॉर्थ यॉर्कमधल्या एका कंपनीत इमारतींच्या पाइपांची ड्रॉइंगं करायचे आणि आसपासच्या शहरांत विखुरलेल्या आमच्या समाजाच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. त्यांचा नियम एकच होता: वर एक प्रश्न, मध्ये हकीकत, खाली एक मागणी. दोन मागण्या केल्या की वाचणारा माणूस दोन्ही उद्यावर टाकतो.

जगभराच्या नळांवर लिहिणारा हा माणूस स्वतःच्या अडचणीवर एक ओळ लिहीत नव्हता.

मग सप्टेंबरमध्ये टपालपेटीत एक चकचकीत कागद आला. आमच्या घरात छापील कागद न वाचता फेकत नाहीत, पिझ्झाची जाहिरातसुद्धा. महामारीतून सावरण्यासाठी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारने आमच्या शहराला निधी दिला होता आणि तो कुठे खर्च करावा, असं शहर रहिवाशांना विचारत होतं. पर्याय छापलेले होते, आपण खुणा करायच्या. तळ्याकाठी शहराच्या नावाची मोठी, दिव्यांची अक्षरं, लोकांना फोटो काढायला. मुख्य रस्त्यावर फुलांच्या टोपल्या. लायब्ररीत नवे स्क्रीन. दुकानांपुढे रंगीत बाकं. महामारीत जे बंद झालं होतं ते उघडण्याचा पर्याय त्या यादीत नव्हता.

मी तो कागद तीनदा वाचला आणि त्याच बैठकीत पत्रक लिहून काढलं. वॉशरूम, बसथांब्यांना आडोसा, भाडेवाढ, गोदामातल्या कामगारांच्या पगारी रजा, बेसमेंटमध्ये राहणाऱ्यांची नोंदणी. अकरा मागण्या झाल्या. बाबांनी चष्मा लावून वाचलं. आई त्यांच्या खांद्यावरून वाचत होती.

"पत्रक आहे का लग्नाचा किराणा?" आईने विचारलं.

बाबांनी पेन घेतलं आणि खालून सुरुवात करून दहा मागण्या खोडल्या. वॉशरूम राहिली. त्यांनी ती का ठेवली हे मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. फक्त इतकं म्हणाले, "माझं नाव घालू नको यात. सार्वजनिक गोष्ट आहे, सार्वजनिक राहू दे."

मी कबूल केलं. राग आला होता, पण कबूल केलं.

आता आमची चूक. रहिवाशांच्या सह्या लागणार होत्या, आणि आम्हाला सह्या गोळा करायची एकच रीत माहीत होती: आपली माणसं जमतील तिथे जायचं. संघटनेचा कार्यक्रम एका शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये होता. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली, आणि जेवणाच्या रांगेत मी क्लिपबोर्ड फिरवला. वरण-भाताचं ताट एका हातात धरून लोकांनी सह्या केल्या. कोणी वाचलं, कोणी वाचलंही नाही, आमच्या बाबांचा शब्द म्हटल्यावर पुरेसं होतं. तीन कागद भरले. घरी येताना गाडीत बाबा किती दिवसांनी मोकळे हसले. वस्ती अजून जिवंत आहे म्हणाले.

मी ते कागद नगरसेवकाच्या ऑफिसात नेऊन दिले. आठवड्याने तिथल्या कर्मचारी बाईंचा फोन आला. आवाज सौम्य होता. त्यांनी पत्ते तपासले होते. सह्या आमच्या शहराबाहेरच्या होत्या: एटोबिकोच्या होत्या, नॉर्थ यॉर्कच्या होत्या, वॉनच्या तर पानभर. आमच्या शहराच्या पाच. त्यातल्या तीन आमच्याच घरच्या. शिवाय त्यांनी समजावलं की हा निधी एकदाच मिळणारा आहे. वॉशरूम बारा महिने उघडी ठेवायची तर थंडीत पाइप गोठतात, साफसफाईला रोज माणूस लागतो, आणि या पैशातून पगार देता येत नाहीत.

मी फोन ठेवला आणि टेबलावर मूठ आपटली. एकदाचा पैसा दिव्यांच्या अक्षरांना चालतो, त्यांचं वीजबिल कोण भरणार, असं बरंच काही बोलले. बाबांनी पत्रक पुढ्यात ओढलं. आई पोळ्या लाटत होती. लाटता लाटताच म्हणाली, "समोरच्या दारातल्या बाईचं नाव माहीत नाही तुम्हा दोघांना. नऊ वर्षं झाली या बिल्डिंगमध्ये. अन् वॉनवाल्याची सही घेऊन आले, आपल्या पार्कासाठी."

ते लागलं. मला आणि बाबांना, दोघांनाही. नागपुरात आपली माणसं आणि शेजारची माणसं एकच होती, त्यामुळे फरक करायची वेळच आली नव्हती. इथे आपली माणसं हायवेवरून तासभर गाडी चालवून भेटायला येत होती, आणि ज्यांच्याबरोबर आम्ही रोज लिफ्टमध्ये उभे राहत होतो त्यांच्याकडे आम्ही मजल्यांचे आकडे बघत दुर्लक्ष करत होतो.

बाबांनी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने ड्रॉइंग काढायला घेतलं. जमिनीखालून येणारा पाइप, त्याभोवती इन्सुलेशन, भिंतीत एक छोटा हीटर. नागपूरचं खातं आणि नॉर्थ यॉर्कची कंपनी दोन्ही त्यांच्या बोटांत होती. "हे काम एकदाच करायचं आहे," ते म्हणाले. "एकदाच्या पैशात बसते. झाडूवाल्याचा पगार शहराच्या रोजच्या बजेटमधून मागायचा, वेगळा. पण आधी हे." मी पत्रक नव्याने इंग्रजीत लिहिलं. वर एक प्रश्न: पार्कातलं हे कुलूप अजून का आहे? खाली एकच मागणी: पाइप आणि हीटर या निधीतून बसवा आणि कुलूप काढा. मागे ड्रॉइंग. घड्या घालायला वाटी काढली.

पहिलं दार समोरचं होतं. तिथे एक पंजाबी आजी राहायच्या, विमानतळावर साफसफाईचं काम करून निवृत्त झालेल्या. मी बोलायला सुरुवात केली, इंग्रजीत, पाठ केल्यासारखी. त्यांनी मला हाताने थांबवलं आणि बाबांकडे बघून हिंदीत विचारलं की मुद्दा काय आहे. बाबांनी सांगितलं, पार्कातल्या वॉशरूमचा.

आजींनी दार पूर्ण उघडलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "भाईसाहब, मैं तो सुबह की चाय छोड़ चुकी हूँ. चाय पियो तो पार्क नहीं, पार्क जाओ तो चाय नहीं."

बाबांनी हातातल्या पत्रकाची घडी पुन्हा दाबली. कॉरिडॉरमध्ये कोणाच्या तरी फोडणीचा वास होता. मला वाटलं ते विषय बदलतील.

"मैं पानी भी नहीं पीता," ते म्हणाले. "फिर भी एक दिन देर हो गई. तब से गया नहीं."

एवढंच. माझ्याशी, आईशी, डॉक्टरशी जे बोलले नव्हते ते परक्या दारात बोलले. आजी हसल्या नाहीत. म्हणाल्या की तुम्ही पुरुष निदान झाडामागे तरी जाता, आम्ही काय करायचं. मग मात्र दोघंही हसले. आजींनी सही केली, चपला घातल्या आणि आमच्याबरोबर निघाल्या, कारण त्यांना त्या मजल्यावरच्या सगळ्यांची दारं आणि दुखणी माहीत होती. आम्हाला वाटलेलं त्यापेक्षा जास्त लोक मधुमेहाचे होते, गरोदर होते, लहान मुलांचे आईबाप होते, बस चालवणारे होते. प्रत्येकाने काहीतरी सोडलं होतं. एकाने चालणं, एकीने मुलाला घसरगुंडीवर नेणं. पार्क सगळ्यांच्या खिडकीतून दिसत होतं.

अकराव्या मजल्यावरून सुरू करून आम्ही तीन आठवड्यांत तळमजल्याला पोचलो.

निधी कुठे खर्च करायचा हे ठरवणाऱ्या शहराच्या समितीच्या बैठकीत प्रत्येक रहिवाशाला थोडीच मिनिटं मिळतात. बाबांनी माइक घेतला. ते नागपुरी इंग्रजीत, सावकाश बोलले. आधी पाइप सांगितला, मग हीटर. मग कागद खाली ठेवून म्हणाले की मी त्या पार्कात फेब्रुवारीपासून गेलेलो नाही आणि त्याचं कारण माझे गुडघे नाहीत. सदस्यांपैकी एकाने विचारलं, सर, तुम्ही नक्की याच वॉर्डात राहता ना? मागच्या रांगेतून आमच्या बिल्डिंगची माणसं हसली. आजींनी हात वर केला आणि म्हणाल्या, "ही इज माय नेबर."

पाइप आणि हीटर मंजूर झाले. दिव्यांची अक्षरंही मंजूर झाली. ती आता तळ्याकाठी उभी आहेत, आणि खरं सांगायचं तर मुलं त्यांच्यावर चढतात तेव्हा बरं वाटतं. पुढच्या हिवाळ्यात वॉशरूम उघडी होती. पहिल्या दिवशी बाबांनी घरून निघण्याआधी उभ्याने एक पूर्ण ग्लास पाणी प्यायलं, रिकामा ग्लास ओट्यावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आई म्हणाली, "टोपी घ्या."

ही गोष्ट इथे संपवता आली असती. पण या हिवाळ्यात जानेवारीत दोन आठवडे दार पुन्हा बंद होतं. हीटर चालू, पाइप गरम, आणि आत साफ करायला माणूस नाही. फेडरल निधी खर्च होऊन संपला आहे. आता रोजच्या पगाराचा प्रश्न आहे, आणि तो शहराच्या बजेटमध्ये दरवर्षी नव्याने ठरतो. ठरवणाऱ्यांना त्या दारापाशी कोणी उभं आहे की नाही हे कळायला हवं. म्हणून बाबा आणि आजी रोज सकाळी चालताना त्या दाराचं हँडल ओढून बघतात. उघडं असेल तर वहीत टिक. बंद असेल तर त्याच ठिकाणी उभं राहून शहराला फोन. दोन आठवड्यांत चौदा फोन केल्यावर माणूस आला. वही बजेटच्या सुनावणीसाठी ठेवली आहे. आजींचा चहा पुन्हा सुरू झाला आहे, आणि बाबांची इन्सुलिनची गोष्ट डॉक्टरने तूर्त बाजूला ठेवली आहे.

तुम्ही वॉनमध्ये राहत असाल, एटोबिकोत राहत असाल, तर आमच्या पार्कासाठी सही करू नका. तिचा उपयोग नाही, हे आम्ही शिकलो. बाबांच्या नियमाप्रमाणे माझी तुमच्याकडे एकच मागणी आहे. या रविवारी समोरच्या दारावर टकटक करा, त्या माणसाला बरोबर घेऊन तुमच्या घराजवळच्या पार्कात जा, वॉशरूमचं हँडल ओढून बघा, आणि ते उघडलं नाही तर तिथेच उभं राहून तुमच्या शहराला फोन करा.