शिळं पाणी

टँकर यायच्या आधी घरात उरलेलं पाणी गल्लीत ओतून ड्रम रिकामा करायचा, ही पडेगावच्या त्या वसाहतीतली रीत होती. ती मोडायचं काम माझ्याकडे होतं. समाजशास्त्रात एम.ए. करून मी एका लहानशा संशोधन संस्थेत करारावर लागले होते. पाणी, कचरा, वीज यांबाबतच्या लोकांच्या सवयी कशा लागतात आणि कशा सुटतात, हा आमचा विषय. वडिलांना तो कुणाला समजावून सांगता येत नसे, म्हणून ते नातेवाइकांना "पोरगी पाण्याच्या खात्यात आहे" असं खुशाल ठोकून द्यायचे. आई म्हणायची, "आधी माझी एक सवय मोडून दाखव, मग जगाच्या मागे लाग." कारण नळाला पाणी आलं की तीही आदल्या वेळचं पाणी मोरीत ओतायचीच. शिळं पाणी कोण पिणार?

दुष्काळाची वर्षं होती. पाऊस नुसतं तोंड दाखवून जायचा आणि शहर मात्र दौलताबादच्या रस्त्याने पसरत चाललं होतं. शेतं मोडून प्लॉट पडले, प्लॉटवर घरं आली, नळ काही आले नाहीत. गावाकडची जमीन कोरडी पडली म्हणून कंपन्यांत आणि बांधकामांवर कामाला आलेली कुटुंबं तिथे राहायची. प्रत्येक दारापुढे एक निळा ड्रम. टँकर आला की त्याचा पाइप एका ड्रमातून दुसऱ्या ड्रमात जायचा. पाण्याची एवढी मारामार असताना ओतून का देता, असं विचारलं की घरोघरी एकच उत्तर मिळायचं, "शिळं झालं की, म्याडम." मी ते जसंच्या तसं लिहून घ्यायचे.

आमच्या सरांचं म्हणणं असं की माणूस उपदेशाने बदलत नाही, शेजाऱ्याकडे बघून बदलतो. म्हणून जे घर उरलेलं पाणी ओतणार नाही, दुसऱ्या भांड्यात काढून धुण्याभांड्याला वापरेल, त्याच्या दारावर निळ्या थेंबाचं स्टिकर लावायचं. बाकीच्या घरांनी ते बघायचं. मला ही कल्पना मनापासून पटली होती. उपदेश करायचा मलाही कंटाळाच होता.

पहिला थेंब लागला गल्लीच्या मध्यावरच्या एका घराला. त्या घरच्या बाईंना मी मावशी म्हणायचे. त्यांची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ जेमतेम महिन्याचं. दुपटी, लंगोट, बाळंतिणीचं न्हाणं. उरलेला एकेक तांब्या त्यांना हवाच होता. दाराआड दुसऱ्या एका ड्रमात त्या ते पाणी झाकून ठेवायच्या. त्यांचं बघून आणखी काही दारांवर थेंब लागले आणि सर खूश झाले. प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्याला पैसे देणारे पाहुणे येणार होते. त्यांना ही गल्ली दाखवायची, आणि टप्पा मिळाला की माझा करार वाढणार, असं ठरलं होतं.

पाहुणे यायच्या आदल्या दुपारी मी सगळं ठीकठाक आहे ना ते बघायला गेले. मावशी मला बघून कोपऱ्यापर्यंत चालत आल्या.

"ताई, आमच्या दारावरला तेवढा थेंब काढून टाका."

"का हो? उद्या तर पाहुणे तुमचंच दार बघणार आहेत."

"काढा म्हणते ना."

कारण काही त्या सांगेनात. मला राग आला. इतके दिवस चहा पाजून, बाळाला मांडीवर देऊन, आता ऐन वेळी ही बाई अडून बसली, असं मनात आलं. मी काहीतरी सुनावणार तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि मावशी पळाल्या.

टँकर हल्ली खाडे करायला लागला होता. आला तरी भरलेला नसायचा. ड्रायव्हरने खाली उतरता उतरताच सांगून टाकलं, "आज आधाच है, अम्मा. जल्दी करो, मेरेकू आगे की गल्ली में भी देना है." पाइपचं तोंड एका उंच बाईच्या हातात होतं. गल्लीत तिचा शब्द चालायचा. तिने स्वतःचा ड्रम भरला, पुढचा भरला, आणि मावशींचा ड्रम ओलांडून पाइप त्याच्या पुढच्या ड्रमात घातला.

"माझा राह्यला की," मावशी म्हणाल्या.

"तुझ्याकडं हाय."

"कुठं हाय?"

"दारावर काय लावलंय मग? थेंबवाल्यांचा नंबर शेवटी. मागल्या बारीलाबी तसंच केलं, तवा गप बसलीस ना?"

थेंब लागलेल्या घरांतल्या बाकीच्या बायका मागे उभ्या होत्या, त्यांच्यातली एकही बोलेना. कुणाच्या घरात पाणी उरलंय हे आता दारावर लिहिलेलं होतं, आणि अर्ध्या टँकरच्या दिवशी शेवटचा नंबर म्हणजे काहीच नाही. या गल्लीत ड्रम रिकामा दाखवला तरच पाणी मिळत होतं. "शिळं झालं" हे फक्त आमच्यासारख्यांना द्यायचं उत्तर होतं.

उंच बाई माझ्याकडे वळली. "तुम्हीच लावलाय ना थेंब? मग तुम्हीच सांगा. हिच्या घरात पाणी हाय का नाय?"

"आहे, पण ते बाळाच्या..."

"ऐकलं का गं? म्याडमच म्हणतेत, हाय."

पुढचं कुणी ऐकलं नाही. पाइप आणखी पुढे सरकला. मावशी घरात गेल्या. आतून काहीतरी ओढत आणल्याचा आवाज झाला, आणि दाराआडचा तो ड्रम उंबऱ्यावरून त्यांनी सरळ गल्लीत आडवा केला. पाणी भळभळा वाहत सगळ्यांच्या पायांखालून गेलं. माझ्या चपला भिजल्या. आत बाळ रडायला लागलं.

"आता नाय माझ्याकडं," मावशी म्हणाल्या. "लाव पाइप."

उंच बाईने पाइप मागे आणला आणि त्यांच्या ड्रमात सोडला. तेवढ्यात मागे उभ्या असलेल्या बायका हलल्या. एक घरात गेली आणि आपली पातेली बाहेर आणून तिने ओतली. तिचं बघून दुसरीने हंडा पालथा केला, मग तिसरीने. सरांचं म्हणणं माझ्या डोळ्यांदेखत शब्दन् शब्द खरं होत होतं. मावशींचा ड्रम निम्माही भरला नसेल, तोच पाइप गुरगुरला आणि थांबला. ज्यांनी मागून ओतलं त्यांना थेंबभरही मिळालं नाही.

मी गल्लीतूनच सरांना फोन लावला. झालेलं सगळं सांगितलं आणि स्टिकरं आत्ता काढतेय म्हणाले. ते म्हणाले, "एका प्रसंगावरून निष्कर्ष काढायचा नसतो. उद्याचा दिवस जाऊ दे, मग बघू." मी नाही म्हटलं. "मग पुढच्या टप्प्यात मला तुझा विचार करता येणार नाही," असं ते शांतपणे म्हणाले, आणि तसंच झालं. त्याचं मला काही वाटलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. मी पुढे कितीतरी दिवस चिडलेली होते.

नखाने खरवडून मी एकेक दार मोकळं केलं. मावशींच्या दाराशी पोचले तेव्हा नखं दुखत होती आणि उन्हाने डोकं ठणकत होतं. त्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी स्टिकर काढत होते तोवर त्या नुसत्या बघत राहिल्या. मग उठल्या, ड्रमाचं झाकण सरकवलं, खोल वाकून पेला बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"नको, मावशी."

"उन्हाचं फिरताय. घ्या. आत्ताचंच हाय, शिळं नाय."

नको म्हणावं तर त्यांच्या घराचा अपमान, आणि प्यावं तर ते बाळाच्या वाटणीचं. मी उभ्या उभ्या तो पेला रिकामा केला. मावशींनी तो माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, "आणखी देऊ?"