थकबाकीची हलगी

"तुमच्या घरी हलगी असंलच की. वडलांना सांग, सोमवारी घेऊन या म्हणावं. दिवसाची मजुरी देऊ."

शाखाधिकारी हे बोलले तेव्हा मी संगणकावर बसले होते. राहात्यातली एक सहकारी बँक. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजनं महिनाभर कामाच्या अनुभवासाठी पाठवलेली.

कॅशियर हसला. "साहेब, हिचं आडनाव बघूनच ठरवलं व्हय?"

आपण काही वाईट बोललो असं कुणालाच वाटलं नाही. मलाही काही वाटलं नाही. खरंच. हात की-बोर्डवर होते, तेवढं कळत होतं. मी टाइप करत राहिले. ते त्यांनी होकार म्हणून घेतलं.

मार्चअखेर जवळ आली होती. वर्गात शिकवलं होतं, की हप्ता तीन महिन्यांहून जास्त थकला की ते कर्ज अनुत्पादक ठरतं. ते बुडू शकतं असं धरून बँकेला आपल्या नफ्यातून काही रक्कम बाजूला ठेवावी लागते. तिला तरतूद म्हणतात. ठेवीदारांचा पैसा सांभाळायला केलेला नियम आहे. पण तरतूद वाढली की नफा घटतो. म्हणून मार्चमध्ये या शाखेची एक रीत होती. थकबाकीदाराच्या दारात हलगी वाजवायची. गल्ली गोळा झाली, की माणूस लाजेनं पैसे भरतो.

सोमवारचं पहिलं दार कपडे शिवणाऱ्या एका बाईचं ठरलं होतं. नवरा वारलेला. दोन मशिनांचं कर्ज.

हलगीचं बोलणं झालं त्याच दुपारी साहेबांनी मला दुसरं प्रकरण टाइप करायला दिलं. एका संचालकांच्या मेव्हण्याचं शीतगृह. तेही थकलेलं. त्याला नवं कर्ज मंजूर होणार होतं आणि त्याच पैशातून जुनं फिटणार होतं. कागदावर खातं एकदम चांगलं. थकलेल्या कर्जाची तरतूद नाही.

मी चाचरत विचारलं, "सर, इथं पण हलगी जाणार का?"

"येडी का काय तू? तिथं पाहुणे म्हणून जायचं असतं."

कॅशियर परत हसला.

संध्याकाळी माझे वडील, अप्पा, टेम्पो लावून जेवायला बसले. मी सगळं सांगितलं, बातमी वाचल्यासारखं. त्यांचा घास हातातच राहिला.

"तुज्या आज्ज्यानं बुद्ध धर्म घेतल्यावर हलगी फोडली. गावापुढं फोडली. मी तर हात बी लावला न्हाई कधी." घास ताटात ठेवून म्हणाले, "आज्ज्याची फुटली. ह्यांच्या डोक्यातली न्हाई फुटली अजून."

मग मान खाली घालून हळूच बोलले, "पर तुजं कामाचं सर्टिफिकेट हाय त्यांच्या हातात. तू म्हनशील तर मागून आनतो कुनाची तरी. एक दिस वाजवीन."

माझ्यासाठी ते तयार होते. तेव्हा कुठं आत काहीतरी हललं. रडू आलं नाही. राग आला असंही म्हणता येणार नाही. मी फक्त म्हणाले, "नाही अप्पा. जेवा तुम्ही."

सोमवारी एकटीच गेले.

"वडील येणार नाहीत. आमच्या घरात हलगी नाही. आणि सर, वाजवायचीच असेल तर आधी शीतगृहापुढं वाजवा."

 वाक्य पूर्ण झालं.

"लई शिकलीस. सर्टिफिकेट विसर आता."

मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. त्यांनी दुसरीकडून हलगीवाला आणला आणि त्या बाईच्या दारात हलगी वाजवलीच. स्टँडवर मला ती ऐकू येत होती. एसटी येईपर्यंत वाजत होती.

आता कॉलेजात प्रकल्प-अहवाल द्यायचा आहे. विषय, बँकेतील जोखीम व्यवस्थापन. मी दोन्ही कर्जं शेजारीशेजारी लिहिली आहेत, नावं न घेता. कॉलेजातले सर म्हणाले, "शीतगृहाचा भाग काढ. मी बँकेत बोलून प्रमाणपत्र मिळवून देतो."

भाग काढणार नाही. नापास केलं तर पुन्हा बसेन. पुन्हा तेच लिहीन.