काकांचे सात टॅब

ऑफिसात तिला सगळे अपडेटबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला ठाऊक होतं आणि तिची काही तक्रारही नव्हती. पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत तीनशे बारा माणसं. ती एकमेकांना निरोप पाठवायची, फायली द्यायची-घ्यायची, मीटिंगा लावायची, ते सगळं एका सॉफ्टवेअरमधून, आणि ते सॉफ्टवेअर चालतं ठेवणं हे हिचं काम. नीट चाललं तर कुत्रंही विचारायचं नाही. अडलं की शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे हिच्या नावाने खडे फोडायला मोकळे.

पूर्वी नवं व्हर्जन दोन-अडीच वर्षांनी एकदा यायचं. त्याआधी महिनाभर ती वही घेऊन टेबलाटेबलाशी जायची आणि विचारायची, तुम्ही यात असं काय वापरता जे मला माहीत नाही? मग आधी दहा कॉम्प्युटरांवर, मग एका मजल्यावर, मग सगळीकडे. शुक्रवारी कधीच नाही, कारण शुक्रवारी मोडलेलं सोमवारपर्यंत कुणी बघत नाही. त्या वहीचं पहिलं पान काकांचं होतं.

काका तक्रार विभागात. लहानपणीच्या तापात त्यांचे डोळे गेले होते, पण कान असा तिखट, की गिऱ्हाइकाने फोन पंपाजवळ धरला की हे इकडून सांगायचे, बेअरिंग गेलंय, नाहीतर पाइप कुठेतरी हवा ओढतोय. नवे मेकॅनिक पैज लावायचे आणि हरायचे. स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज त्यांच्या कॉम्प्युटरवर होता, पण एका कानात गिऱ्हाईक आणि दुसऱ्यात तो बडबड्या, हे त्यांना जमायचं नाही. ते त्याला गप्प करून ठेवायचे आणि बोटांनी मोजायचे. निरोप लिहायचा, टॅबची कळ सात वेळा दाबायची, की 'पाठवा' हे बटण. मग एंटर. मेकॅनिकला पत्ता मिळाला.

म्हणून नवं व्हर्जन आलं की अपडेटबाई आधी माउस बाजूला ठेवायची, डोळे मिटायची आणि मोजायची. मग काकांच्या टेबलाशी जाऊन उभी राहायची. तिच्या चपलांचा आवाज ओळखून ते नुसतं विचारायचे, "किती?" ती म्हणायची, सात. एकदा नऊ झाले होते, तेव्हा काकांनी चार दिवस जेवणाच्या सुट्टीत सराव केला आणि तिला ऐकवलं, की अगं बाई, म्हातारपणी पाढे बदलायला लावतेस. पुढच्या व्हर्जनला पुन्हा सात झाले.

पुढे काळ पालटला. आता व्हर्जन दोन वर्षांनी नव्हे, दर महिन्याला येऊन दारात उभं. ते लांबवायचं म्हटलं तर फार तर दोन महिने. बनवणाऱ्यांचं काय जातंय? त्यांना बटणं इकडची तिकडे करायचा सोस. इथे ज्याची बोटं अडतात त्याला विचारा. अपडेटबाईने तरीही दर महिन्याला यादी वाचली, डोळे मिटून मोजलं आणि किती ते काकांना सांगितलं. सलग चार वर्षं.

त्या महिन्यात मात्र दोन अपडेट तुंबली होती आणि साहेब मागे लागले होते, की बाकीच्या शाखा पुढे गेल्या, आपणच मागे. यादी एकसष्ट कलमांची. तिने चाळीस वाचली. उरलेली 'किरकोळ सुधारणा' या मथळ्याखाली होती. मंगळवारी तिने मंजुरी दिली आणि मोजणं गुरुवारवर टाकलं. गुरुवारी करू, एवढंच ती म्हणाली. माणूस आयुष्यात किती वेळा असं म्हणतो, आणि त्यातलं एखादंच नेमकं अंगाशी येतं.

बुधवारी सकाळी काकांनी तिला निरोप लिहिला, "डॉक्टर म्हणाले, दोन्ही कान उतरत चाललेत. निवृत्तीला चौदा महिने आहेत, तेवढे मी ओढतो. घरीही बोललेलो नाही. तुझ्या त्या यादीत बहिऱ्यांसाठी काही येतं का बघ." सात वेळा टॅब, एंटर. पण आता सातवं बटण 'सगळ्या ऑफिसला पाठवा' हे होतं. 'पाठवा' आठवं झालं होतं.

तिने स्क्रीनवर ते वाचलं, वर लिहिलं होतं, 'सगळ्या ऑफिसला'. चार मिनिटांत तिने निरोप सगळीकडून पुसला. तेवढ्यात एकवीस जणांनी तो वाचला होता, साहेबांनीही. एकेकाला फोन करून तिने हात जोडले, की निरोपाचं नाव काढू नका, काकांना सांगायचं ते मी सांगते. मग ते मेलं बटण साऱ्या ऑफिसातून बंद केलं. जेवणाच्या सुट्टीआधी मोजणी पुन्हा सातवर आली होती.

निरोपाचं नाव कुणी काढलं नाही. पण माणसं ती माणसंच. दुपारी एक जण काकांशी उगाच मोठ्याने बोलला. दुसरीने एकेक शब्द तोडून विचारलं, काका, चहा घेणार? तिसऱ्याने पाठीवर हात ठेवला. काकांना काय ते कळलं. त्यांनी अपडेटबाईला दोन शब्दांचा निरोप पाठवला, इकडे ये. सात टॅब, एंटर. तो बरोबर तिला एकटीला पोचला.

ती सगळं खरं सांगायचं ठरवूनच आली होती. यादी मी पुरती वाचली नाही, बटण सरकलं, तुम्ही मोजलेले सात चुकीच्या ठिकाणी पडले. वाक्यं तिने जिन्यातच जुळवली होती. काकांची बोटं कळांवर होती. ते हळू आवाजात म्हणाले, "आवाज लावून मी दोनदा करून बघितलं. सातच आहेत. माझं चुकलेलं नाही. तू सांगितलंस का कुणाला?"

तिने त्या बोटांकडे पाहिलं. डोळे कधीचेच गेलेले, कान निघालेले. उरली ही दहा बोटं. खरं सांगितलं तर यापुढे प्रत्येक एंटरला हा माणूस थबकणार, हे गेलं कुठे म्हणून. एवढा विश्वास तरी त्याच्यापाशी राहू दे, असं तिला वाटलं. आणि चूक तिचीच होती, वेगळी असली तरी.

"हो काका," ती म्हणाली, "माझ्या तोंडून गेलं."

काकांनी फोन कानाला लावला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पंप चालू करायला सांगितलं. ती वर गेली. त्यानंतर तिच्या चपला वाजल्या तरी त्यांनी कधी "किती?" विचारलं नाही. महिन्याच्या महिन्याला ती आकडा चिठ्ठीवर लिहून शेजारच्या टेबलावरच्या बाईकडे द्यायची, आणि ती काकांना सांगायची.

साहेब वाईट नव्हते. त्यांनी काकांना केबिनमध्ये बसवून, फार समजुतीने, मुदतीआधी निवृत्ती घ्यायला सुचवलं. आवाजावर चालणारं काम, कानच नाहीत तर कसं? काकांनी वाद घातला नाही. चौदा महिने ओढायचे होते, चारच मिळाले.

निरोप समारंभाच्या दिवशी मोठ्या खोलीत सगळे जमले. फुलं झाली, साहेबांचं भाषण झालं. काकांना बोलायचा आग्रह झाला. ते आधी पंपांबद्दल बोलले, हरलेल्या पैजांबद्दल बोलले, माणसं हसली. मग दोन्ही हात थोडे वर धरून म्हणाले, "डोळ्यांनी साथ सोडली, कानांनीही सोडली. माणसांचं तर विचारू नका, ज्यांच्यावर भरवसा ठेवला त्यांनीही. पण या बोटांनी मला कधी दगा दिला नाही."

ते एकवीस जण दाराशी उभ्या अपडेटबाईकडे बघायला लागले. तिने मान हलवून त्यांना नको म्हटलं. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि काकांना ऐकू जावं म्हणून ती जोरात टाळ्या वाजवत राहिली.