यंत्र बंद असण्याचे दिवस

सगळी गल्ली तिला हवावाली म्हणायची. पाण्याच्या टाकीवर चढून हवा ओढणारी नळी साफ करायची आणि खालच्या खोलीतलं यंत्र ती हवा नीट मोजतंय ना ते बघायचं, ही तिची नोकरी. पलीकडच्या आम्लाच्या कारखान्यात पृथ्वी तापवणारा एक वायू तयार व्हायचा. कारखाना म्हणे, तो आम्ही भट्टीत जाळून टाकतो. तिचं यंत्रही तसंच दाखवत होतं. पण लांब डोंगरावरच्या हवा मोजणाऱ्या केंद्रात मधूनच तो वायू भरपूर सापडायचा, आणि वारा कारखान्याकडूनच आलेला असायचा.

आधी तिने यंत्रावरच संशय घेतला. नळ्या बदलल्या, सांधे तपासले. मग एकदा डोंगरावरचा सहकारी फोनवर म्हणाला, "तुमचं यंत्र बंद असतं, नेमकं तेव्हाच आमच्याकडे वाढतं."

साफसफाईसाठी यंत्र कधी बंद राहणार, हे नवरा सोडला तर ऑफिसाबाहेर एकालाच ठाऊक असायचं. तिच्या सख्ख्या भावाला. दादा त्याच कारखान्यात मोठ्या साहेबांचा कारकून होता. घरी परतताना तिच्याकडे डोकावायचा, विचारायचा, "उद्या चढायचंय का टाकीवर?" ती त्याला माया समजत आली होती.

पुढच्या वेळी चहा गाळताना ती मान वर न करता म्हणाली, "उद्या यंत्र दिवसभर बंद."

"जपून चढ," दादा म्हणाला. तिने त्याचा चेहरा निरखला. काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने यंत्र चालूच ठेवलं. सकाळभर पडद्यावरची रेघ सरळ होती. तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. जेवणाचा डबा उघडते तोच रेघ जी चढली ती उतरेचना.

अहवाल पाठवण्याआधी ती दादाकडे गेली. वहिनी आत गेल्यावर विचारलं, "माझं यंत्र बंद असतं ते कुणाला सांगतोस?"

"साहेब तुझी चौकशी करतात. काम फार असतं का, उद्या सुट्टी का. मी सांगतो. त्यात काय चोरी?"

"तेव्हा ते इंधन वाचवायला भट्टी बंद ठेवतात, वायू तसाच सोडतात. माहीत होतं तुला?"

दादा टेबलावर सांडलेलं पाणी पुसत राहिला. "मी केबिनच्या बाहेर बसतो. आतलं मला कशाला कोण सांगेल?"

अहवाल गेला. तपासनीस आले आणि भट्टी रोज पेटू लागली. कारखान्याला वाटलं, दादानेच बहिणीला खबर दिली. त्याची गोदामात बदली झाली. वहिनीने बोलणं टाकलं. दादा साधा होता की सामील, हे तिला कधीच कळलं नाही. आता यंत्र कधी बंद राहणार, ते ती नवऱ्यालाही सांगत नाही.